व्हर्नाच्या बरण्या

हार्टफर्ड, कनेटिकट
२१ ऑक्टोबर १९७४

प्रिय आर्डिथ,

घरी सुखरूप पोचले. तुझा सफरचंदाचा पाई वाटेतच संपवला, रॉयसाठी तुकडासुद्धा उरला नाही, म्हणून नवरा रुसून बसलाय. बसू दे.

तुला हसू येईल, पण इथे सध्या बायांना काचेच्या बरणीत बाग करायचं वेड लागलंय. दुकानात जा, बँकेत जा, दाताच्या डॉक्टरकडे जा, जिथे तिथे बरणीत झाड. मी आमच्या बागक्लबात सहज बोलून गेले की यात काय नवीन, आमच्या आजोळी व्हरमाँटला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत दर नाताळला जंगलातल्या लाल बोरांच्या वेलीची बाग करतात, तीही फुकटात. झालं! सगळ्या मागेच लागल्या, "व्हर्ना, आम्हाला शिकव." नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी माझा वर्ग ठरलाय. जमला तर पुढच्या वर्षी क्लबाची अध्यक्ष मीच, असं मार्जरी हळूच कानात म्हणाली.

पण माझ्या बरण्या बिघडतायत गं. आतून धुरकट होतात, शेवाळ काळं पडतं. मामी कशी करायची ते सगळं नीट लिहून पाठव ना. तू दाखवलेल्या जागेवरून थोडी वेल आणली होती, ती तळघरात खोक्यांत ओली ठेवलीय. फोन करू नकोस, तुमच्या त्या सामायिक लायनीवर अख्खा रस्ता कान लावून बसलेला असतो.

एलिसला माझी आठवण सांग.

तुझी,
व्हर्ना


क्विम्बी हिल
२६ ऑक्टोबर

एलिस,

बसलायस ना खुर्चीत? तू बसलेलाच असतोस म्हणा, तरी विचारते. आपली जागा गेली.

काल तुझ्या बरणीसाठी वेल आणायला डोंगरामागच्या हेमलॉकच्या झाडांखाली गेले. जमीन उघडी बोडकी. दाताळ्याने ओरबाडलंय रे, दाताळ्याने! मुळासकट. आई बोटांनी वेलीची एक दोरी उचलायची आणि बाकीच्या तिथेच ठेवायची, आठवतं? तिचं बघून मीही एवढी वर्षं एका बरणीपुरतीच घेत आले. आता तिथे हातभरसुद्धा हिरवं दिसत नाही. त्या वेलीला बोटभर वाढायला वर्ष लागतं. आपण दोघं मरून जाऊ तरी ती जागा भरायची नाही.

कोण ते विचारू नकोस. आपली आतेबहीण! कोलंबस डेच्या सुट्टीत आली, "आर्डिथ, मामीची जागा एकदा दाखव ना," म्हणून गळ्यात पडली, आणि मी गाढवासारखी हात धरून घेऊन गेले. रविवारी चर्चला निघाले तर बाईसाहेबांचं डोकं दुखत होतं. परत आले तेव्हा डोकं उतरलं होतं आणि गाडीची मागची सीट चादरीने झाकली होती. मला वाटलं, भोपळे असतील. तिचं पत्र सोबत पाठवतेय, वाच. म्हणे "थोडी वेल"!

झाड अंगावर पडून तुझे पाय गेले त्या हिवाळ्यात आईने तुला पहिली बरणी करून दिली. जंगलात जाता येत नाही तर जंगल खिडकीत येऊ दे म्हणाली. तेव्हापासून एक नाताळ चुकला नव्हता. यंदाचा या बाईने चुकवला. तुझी खिडकी रिकामी, आणि हिच्या क्लबातल्या टोप्या घातलेल्या बायांच्या खिडक्यांत आईची वेल! माझ्या अंगाची नुसती लाही होतेय.

कशी करायची ते लिहून पाठव म्हणते. पाठवते ना. अशी पाठवते की जन्मभर लक्षात ठेवील.

आर्डिथ


क्विम्बी हिल
२६ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र आलं, किती आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या या आडगावातली कला तू शहरात नेतेयस, आई असती तर तिचे डोळे भरून आले असते. नीट लिही म्हणालीस, तर घे.

बरणी कुठलीही चालते, लोणच्याची, मेयोनेझची, फक्त घासून धुतलेली हवी. तळाला खडे घाल. कोळसा मात्र मुळीच नको, त्याने मुळं जळतात. मातीत कोंबडीखत भरपूर. त्यावर शेवाळ गच्च दाबायचं, मग वेल, आणि वरून पाणी. पाणी घालताना हात आखडू नकोस, खड्यांच्या वर उभं राहिलेलं दिसलं पाहिजे. त्यात चमचाभर साखर. झाकण तिथल्या तिथे घट्ट लावायचं आणि पुन्हा म्हणून उघडायचं नाही. आणि मुख्य म्हणजे ऊन. दक्षिणेची खिडकी बघ. काच हाताला चटका देईल एवढी तापली की बोरं लाल राहतात.

आत धुरकट झालं तर घाबरू नकोस, काच आपोआप निवळते. वेल भरपूर नेलीस ते फार बरं केलंस.

तुझीच,
आर्डिथ


हार्टफर्ड
८ नोव्हेंबर

प्रिय आर्डिथ,

तुझे उपकार कसे फेडू? तुझं पत्र मी स्वयंपाकघरात भिंतीला लावलंय. एकेक ओळ वाचायची आणि बरणी करायची. अगं, एकही बिघडली नाही! शेवाळ असं हिरवंगार की हात फिरवावासा वाटतो, बोरं टपोरी, काच आरशासारखी. मार्जरी बघून गेली आणि म्हणाली, "अशी जुनी माणसं ओळखीची असायला भाग्य लागतं."

एकच अडचण आहे. वर्गाला एवढ्या बायांनी नावं दिलीत की माझ्याकडची वेल पुरणार नाही. तुमच्या जुन्या सॉ मिलमागे ओढ्याकाठी मला गाडीतून लाल लाल दिसलं होतं. तिथून घेऊ का? तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही हो.

व्हर्ना


क्विम्बी हिल
११ नोव्हेंबर

एलिस,

डोकं चालेनासं झालंय माझं. तिची बोरं टपोरी! शेवाळ हिरवंगार! अरे, मी सांगितलं तसं करून दगडसुद्धा जगला नसता. मी इथे वाट बघतेय की आज रडत पत्र येईल, उद्या येईल, आणि ही म्हणते काच आरशासारखी. देव तिच्या बाजूचा झालाय का? वर आणखी "विचारल्याशिवाय हात लावणार नाही." ऐकलंस? हे कोण बोलतंय!

सगळं गाव हरणांच्या मागे जंगलात गेलंय, रागवायला घरात माणूस नाही. म्हणून तुला लिहिते.

आर्डिथ


बर्लिंग्टन
१३ नोव्हेंबर

आर्डी,

तू आपल्या घरातली हुशार, असं आई म्हणायची. आईचं काही खरं नव्हतं.

लहानपणी तू व्हर्नाशी गोड बोललीस की ती आधी बुटात हात घालून बघायची, बेडूक ठेवलाय का म्हणून. दर वेळी असायचा. तू तिला "फार बरं केलंस" असं लिहिलंस? तू आयुष्यात कुणाला फार बरं केलंस म्हणाली आहेस का? मला तरी नाही. तिने पत्र वाचलं, ओळखलं, आणि तू लिहिलंस त्याच्या बरोब्बर उलट केलं. कोळसा नको म्हणालीस, तिने कोळसा घातला. ऊन म्हणालीस, तिने सावलीत ठेवली. फुकटात आईची सगळी रीत तिच्या हाती दिलीस, बाई.

आता पुरे कर. शनिवारी येतेस तेव्हा बीन्स आण. या शुश्रूषागृहातले बीन्स म्हणजे शिक्षा आहे.

एलिस


क्विम्बी हिल
१५ नोव्हेंबर

व्हर्ना,

त्या ओढ्याकाठी जाऊ नकोस.

तिथे लाल बोरं आहेत, तू बघितलंस ते खरं. पण ती सगळी तीनपानी विषवेलीत गुंतलेली आहेत. उन्हाळ्यात तीन-तीन पानं बघून तिला पोरंसुद्धा ओळखतात. आता पानं गळलीत, नुसत्या केसाळ सुतळीसारख्या दोऱ्या शेवाळाखालून गेल्यात, त्या तुला ओळखू यायच्या नाहीत. पान नसलं म्हणून विष जात नाही. दोरीला हात लागो, मुळाला लागो, लगेच काही कळत नाही आणि मग हातभर फोड येतात. मी तिथे कधी वाकले नाही, आईसुद्धा वाकली नाही. यात माझा काही डाव नाही. जाऊ नकोस, आणि तिथलं काही दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस.

आर्डिथ


क्विम्बी हिल
१५ नोव्हेंबर

एलिस,

तुझं पत्र वाचलं आणि आधी कपाळावर हात मारला. मग एकटीच हसत सुटले. उलट करते म्हणतोस ना? ठीक आहे. आत्ताच तिला पत्र टाकून आले. त्यात एक अक्षर खोटं नाही. सॉ मिलच्या ओढ्याबद्दल जे आहे ते सगळं लिहिलं, "जाऊ नकोस" असं दोनदा लिहिलं.

आता बघ ती कशी धावत येते.

बीन्स आणते.

आर्डिथ


बर्लिंग्टन
१९ नोव्हेंबर

आर्डी,

शनिवारी तू एवढी खुशीत होतीस की मी नुसते बीन्स खात बसलो. रात्रभर डोक्यात तेच फिरत होतं, म्हणून लिहितो.

व्हर्नाचे हात सुजले तर मी टाळ्या वाजवीन. तिने माझी खिडकी रिकामी केली, मलाही राग आहे, मी काही संत नाही. पण वर्गातल्या बायांनी तुझं काय घोडं मारलंय? त्या हातमोजे घालून येणार नाहीत. तिला फोन कर आणि ओरडून सांग, तुझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे तिला पटेल. लायनीवर रस्ता ऐकेल तर ऐकू दे.

एलिस


क्विम्बी हिल
२२ नोव्हेंबर

एलिस,

तिला मी सांगितलंय. लेखी सांगितलंय. आणखी काय, पाया पडू?

काल सॉ मिलजवळ कनेटिकटच्या नंबराची गाडी उभी होती म्हणे. पोस्टमास्तरीणबाई सांगत होत्या. मी म्हटलं, "असेल कुणी शिकारी."

आर्डिथ


हार्टफर्ड
६ डिसेंबर

आर्डिथ,

हे पत्र रॉय लिहितोय, कारण माझी बोटं मिटत नाहीत. मी सांगेन ते जसंच्या तसं लिही असं त्याला बजावलंय, तेव्हा भाषेबद्दल त्याला दोष देऊ नकोस.

तू बाई आहेस की कोण आहेस? कोपरापर्यंत फोड, मानेवर फोड, पापण्यांवर फोड. नुसती मी नाही, वर्गाला आलेली एकूण एक बाई. वेल काढताना आणि धुताना माझ्या हातात रबरी मोजे होते, ते वर्गात काढले, म्हणून तोवर काही कळलं नाही. मार्जरीच्या म्हाताऱ्या आईचे डोळे सुजून बंद झालेत, तिला दवाखान्यात ठेवलंय. क्लबाने मला सभा बोलावून काढून टाकलं. रस्त्यात बाया मला बघून पलीकडच्या बाजूला जातात.

तुझं पहिलं पत्र वाचूनच मी ओळखलं होतं. तू सांगितलंस त्याच्या उलट करत गेले आणि सगळं जमलं. मग तू "जाऊ नकोस" लिहिलंस. मला वाटलं, ही चांगली जागा स्वतःसाठी राखून ठेवतेय. मला असंच वाटेल हे तुला पक्कं ठाऊक होतं!

आणि हो, नेली मी मामीची वेल. दाताळ्याने नेली. माझी आईपण त्याच घरात वाढली होती. आजी गेल्यावर तुझ्या बापाने तिला एक कपबशीसुद्धा दिली नाही, दारातून परत पाठवलं. आई मरेपर्यंत त्या डोंगराचं नाव काढून रडायची. मी माझ्या आईचा वाटा उचलला. कुणाची परवानगी मागणार होते, तुझी?

व्हर्ना


क्विम्बी हिल
१० डिसेंबर

व्हर्ना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा टपालपेटीपाशी उभ्यानेच, आणि मग घरात येऊन, चुलीशी पाय पसरून, कॉफी आणि डोनटबरोबर. एवढं चवीने मी बऱ्याच दिवसांत काही खाल्लं नव्हतं.

माझ्या त्या पत्रातला कुठला शब्द खोटा होता? तुझ्याकडे आहे ना ते? क्लबात उभी राहा आणि मोठ्याने वाचून दाखव. मी जाऊ नकोस म्हटलं, तू गेलीस. दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस म्हटलं, तू दिलंस. मार्जरीच्या आईचं वाईट वाटतं. पण तिच्या हातात ती वेल मी नाही दिली.

तुझ्या आईचं म्हणशील तर ते तुझ्या आईचं आणि माझ्या बाबांचं भांडण होतं. दोघं मेली. एलिस जिवंत आहे. सूड घ्यायचा होता तर माझ्यावर घ्यायचास, मी उभी होते समोर, दोन्ही पायांवर. ज्याला खिडकीपलीकडे जाता येत नाही त्याचं तू नेलंस.

आता मला काय हवं ते ऐक. मला माझी जागा परत हवी. हेमलॉकखालून नेलेली वेल तुझ्या बरण्यांत, खोक्यांत जिथे असेल तिथून काढ. ती जगलीय, तूच लिहिलंयस. एप्रिलमध्ये बर्फ गेला की ती सगळी घेऊन ये आणि गुडघ्यांवर बसून दोरी दोरी परत लाव. मी खुर्ची टाकून बसेन आणि बघेन. मग आपली फिटंफाट.

आर्डिथ


हार्टफर्ड
१५ डिसेंबर

आर्डिथ,

आज पेन धरता येतंय, म्हणून मीच लिहिते.

तू म्हणालीस तशी एप्रिलमध्ये आले असते. तुझ्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसून लावलीही असती, वाटेल ते ऐकून घेतलं असतं, कारण मार्जरीच्या आईला बघून आल्यापासून माझ्यात भांडायची ताकद उरलेली नाही. पण लावायला काही शिल्लक नाही. मी दोन्हीकडची वेल तळघरात एकाच टबात धुतली होती. कुठल्या बरणीत विष आहे आणि कुठल्या नाही, कोण सांगणार? मार्जरीचा नवरा ट्रक घेऊन आला. बायांच्या घरी गेलेल्या बरण्या, माझी खोकी, टब, उरलेली सगळी वेल, सगळं उचलून गावच्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकलं आणि वर माती लोटली. मामीच्या जागेवरची एक काडी आता माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही.

माझी पहिली जमलेली बरणी मी एलिससाठी बाजूला काढली होती. नाताळला स्वतः नेऊन देणार होते. चोरीच्या वेलीची का होईना, त्याला मिळाली असती. वर्गात नमुना म्हणून ती टेबलावर ठेवली, आणि मग तीही ट्रकमध्ये गेली.

मी तुझ्या खऱ्यावर विश्वास ठेवला नाही. आता तू माझ्या खऱ्यावर ठेव किंवा ठेवू नकोस.

व्हर्ना


क्विम्बी हिल
१९ डिसेंबर

एलिस,

व्हर्नाचं पत्र सोबत आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नये म्हणून फार प्रयत्न केला, पण खोटं बोलताना ती इतकं कमी बोलत नाही.

लॉसनचा मुलगा तिकडे येतोय, त्याच्याबरोबर बरणी पाठवतेय. लोणच्याची मोठी आहे, चुलीतला कोळसा कुटून घातलाय, विहिरीच्या दगडावरचं शेवाळ लावलंय आणि गोठ्यामागचं एक लहान नेचं आहे. बाकी काही मिळालं नाही. पाणी घालू नकोस, उन्हात ठेवू नकोस. काचेला फार वाफ धरली तर झाकण थोडा वेळ काढ. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते.

तिची जिरली, एलिस. पुरती जिरली. आणि मला अन्न गोड लागत नाही.

शनिवारी रस्ते मोकळे असले तर येते.

आर्डिथ


बर्लिंग्टन
२५ डिसेंबर

आर्डी,

रस्ते मोकळे नव्हते ते मला दिसलं, माफी मागू नकोस.

बरणी पोचली. खिडकीत ठेवलीय, नेहमीच्या जागी. शेवाळ चांगलं आहे, नेच्याने एक पान सोडलंय. व्हर्नाचं पत्र वाचलं आणि तुझंही. तुला काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, कारण मी तुला वेळेवर अडवलं नाही. बीन्स खात बसलो.

पण आज सकाळी शेजारच्या खाटेवरचा ऑर्विल दर वर्षीसारखा बरणी बघायला आला. चष्मा लावून, वाकून, सगळीकडून फिरून बघितलं त्याने. मग विचारलं, "यंदा बोरं नाहीत का रे एलिस?"

मी म्हटलं, "नाहीत. यंदा माझी बहीण जिंकली."

एलिस